जॉन न्यूटन : चाळीस वर्षांची वाट

न्यूटन हें नांव उच्चारतांच आमच्या विद्यार्थ्यांस गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारा सर आयझॅक न्यूटन आठवतो, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या इंग्लंडांत तो थोर शास्त्रज्ञ १७२७ सालीं निवर्तला, त्याच देशांत त्यापूर्वीं दोन वर्षें दुसरा एक न्यूटन जन्मास आला होता. या दुसऱ्या न्यूटननें सृष्टीचे नियम शोधून काढले नाहींत. तथापि मनुष्याच्या अंतःकरणांत भावना कशी उपजते, समजूत कशी दृढ होते, त्या दोहोंपासून वृत्ति कशी बनते आणि अखेर त्या वृत्तीप्रमाणें हात कसे चालूं लागतात, याचा पाठ त्याच्या चरित्राइतका स्पष्ट क्वचितच कोठें वाचावयास मिळेल. हा मनुष्य प्रथम गुलामांचा व्यापारी होता, पुढें धर्मोपदेशक झाला, आणि उतारवयांत त्यानें त्याच व्यापाराविरुद्ध साक्ष दिली. या तीन अवस्थांच्या दरम्यान काय घडलें, आणि विशेषतः मधला काळ इतका लांब कां झाला, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जॉन न्यूटनचा जन्म १७२५ सालच्या जुलै महिन्यांत लंडन शहरांतील वॅपिंग नांवाच्या बंदरालगतच्या भागांत झाला. त्याचा पिता भूमध्यसमुद्रांत व्यापारी जहाज चालविणारा कप्तान होता. तो सचोटीचा, पण करड्या शिस्तीचा गृहस्थ असल्यामुळें मुलाच्या मनांत त्याच्याविषयीं प्रेमापेक्षां धाकच अधिक होता. माता एलिझाबेथ प्रकृतीनें अशक्त, परंतु मोठी भाविक होती. तिनें आपल्या एकुलत्या एका मुलाला लहानपणींच वाचावयास शिकविलें, त्याच्याकडून शास्त्रवचनें व गीतें पाठ करून घेतलीं, आणि पुढें हा धर्मोपदेशक व्हावा अशी आशा मनांत धरिली. परंतु मुलाचा सातवा वाढदिवस जवळ आला असतांना ती क्षयानें मरण पावली. पित्यानें दुसरें लग्न केलें. मुलगा कांहीं काळ निवासी शाळेंत राहिला. तेथें मास्तरांच्या कठोरपणामुळें त्याचें मन अभ्यासावरून उडालें, आणि अकराव्या वर्षीं तो बापाबरोबर समुद्रावर निघाला. आईनें पेरलेलें बीज मेलें नव्हतें. पण त्यावर मातीचे पुष्कळ थर बसावयाचे होते.

तारुण्यांत न्यूटन निवळ भावनांच्या वाऱ्यावर वाहत गेला. १७४२ सालच्या डिसेंबरांत तो केंट परगण्यांत आईच्या स्नेहसंबंधांतील एका कुटुंबाला भेटावयास गेला. तेथें मेरी कॅटलेट नांवाच्या मुलीवर त्याचें मन असें जडलें कीं, पित्यानें मोठ्या खटपटीनें जमेका बेटांत मिळविलेली नोकरी व त्यासाठीं सुटणारें जहाज हीं दोन्ही त्यानें जाणूनबुजून चुकविलीं. १७४४ सालीं आरमारासाठीं माणसें जबरीनें धरून नेणाऱ्या टोळीच्या हातीं तो सांपडला व 'हारविच' नामक युद्धनौकेवर त्याची भरती झाली. पित्याच्या वशिल्यानें त्याला तेथें लहानसा हुद्दा मिळाला. याच नौकेवर एका बुद्धिमान् सोबत्याच्या नादानें व कांहीं ग्रंथांच्या वाचनानें त्यानें आईची श्रद्धा टाकून दिली. आपल्या कृत्यांचा जाब विचारणारा वर कोणी नाहीं, अशी त्याची समजूत झाली. पुढें मेरीच्या ओढीनें तो नौका सोडून पळाला, पकडला गेला, सर्व खलाशांसमक्ष फटके खाऊन हुद्द्यावरून उतरविला गेला. त्या अपमानानें त्याच्या मनांत सूडाची आग पेटली. कप्तानाचा जीव घ्यावा किंवा स्वतःचा तरी द्यावा, असे विचार त्याच्या मनांत घोळूं लागले. मेरीच्या नजरेंतून आपण उतरूं, या एकाच विचारानें त्याचा हात आवरला. ज्याला देवाचें भय उरलें नव्हतें, त्याला एका भावनेनें नाश करूं दिला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१७४५ सालीं मदिरा बेटाजवळ त्या कप्तानानें न्यूटनला आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर बदलून दिलें. तो सिएरा लिओनच्या किनाऱ्यास गेला व तेथील प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या चाकरीस राहिला. थोड्याच दिवसांत तो तापानें आजारी पडला. धनी बाहेरगांवीं गेलेला. आणि त्याची आफ्रिकन पत्नी कांहीं कारणानें न्यूटनवर रुष्ट झालेली. तापानें फणफणलेल्या त्या तरुणाला पाण्याचा घोटही वेळेवर मिळेना. पुढें धन्याच्याही मनांत किंतु आला आणि न्यूटनची स्थिति गुलामांहून फारशी बरी राहिली नाहीं. अंगांत एकच सदरा; तो रात्रीं धुवावा आणि ओलाच अंगावर वाळवावा. अशा हलाखींतही जवळ राहिलेलें युक्लिडच्या भूमितीचें पुस्तक घेऊन तो समुद्रकिनारीं जाई व काठीनें वाळूवर आकृति काढून सिद्धांत सोडवी. आमच्या विद्यार्थ्यांनीं भूमितीचा कंटाळा येईल तेव्हां ही गोष्ट जरूर आठवावी.

परंतु या काळांतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. न्यूटन भुकेनें व्याकूळ असतांना सांखळदंडांनीं जखडलेले गुलाम आपल्या तुटपुंज्या अन्नांतून कांहीं भाग चोरून त्याला आणून देत. पकडले गेले असते, तर त्यांच्या पाठीची साल निघाली असती. ज्यांचें स्वतःचें असें कांहींच राहिलें नव्हतें, त्यांनीं एका परक्याला जगविलें. हा उपकार न्यूटन विसरला नाहीं. पुढें आपल्या आत्मचरित्रांत त्यानें तो स्वहस्तें लिहून ठेविला आहे. वाचकांनीं हा प्रसंग मनांत बाजूस ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

पित्यानें चौकशी करावयास सांगितल्यावरून 'ग्रेहाउंड' या जहाजाच्या कप्तानानें त्याला शोधून काढलें व आपल्याबरोबर घेतलें. हें जहाज सोनें, हस्तिदंत, मेण आणि रंगाचें लांकूड घेऊन स्वदेशीं परतत असतां १७४८ सालच्या मार्चांत अटलांटिक महासागरांत भयंकर वादळ झालें. रात्रीं झोंपेंत असतांना न्यूटनच्या खोलींत लाटेचें पाणी शिरलें. तो वर धांवला. इतक्यांत कप्तानानें त्याला सुरी आणावयास सांगितली म्हणून तो मागें वळला. त्याच्याऐवजीं जो वर गेला, तो तत्क्षणीं लाटेबरोबर समुद्रांत वाहून गेला. जहाजाच्या एका बाजूच्या फळ्या निखळल्या होत्या. पाण्यापेक्षां हलकें असें मेण व लांकूड आंत भरलेलें होतें, म्हणूनच तें बुडालें नाहीं. न्यूटन दुपारपर्यंत पंपावर राबला, नंतर मध्यरात्रीपर्यंत सुकाणूं धरून बसला. त्या तासांत आईनें शिकविलेलीं वचनें त्याला आठवूं लागलीं. कित्येक वर्षें ज्याचें नांव त्यानें फक्त शिवी देण्यासाठीं घेतलें, त्याच्याकडेच आतां दया मागण्याची वेळ आली. सुमारें चार आठवड्यांनीं, शिल्लक राहिलेलें शेवटचें अन्न भांड्यांत शिजत असतांना, तें मोडकें जहाज आयर्लंडच्या लॉक स्विली खाडींत लागलें. पुढें मरेपर्यंत न्यूटननें मार्चाची २१ तारीख प्रार्थनेंत व आत्मपरीक्षणांत घालविली.

येथें पुष्कळ लोक गोष्ट संपवितात. ते म्हणतात कीं, वादळांत न्यूटनला देव भेटला, त्यानें ताबडतोब गुलामांचा व्यापार सोडला आणि 'अमेझिंग ग्रेस' हें जगप्रसिद्ध गीत रचिलें. ऐकावयास ही कथा गोड आहे. पण सनांचा हिशेब तसा नाहीं. वादळ झालें १७४८ सालीं. न्यूटननें समुद्र सोडला १७५४ सालीं. तें गीत त्यानें १७७३ च्या वर्षप्रतिपदेच्या उपासनेसाठीं रचिलें. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानें उघडपणें लेखणी उचलली १७८८ सालीं, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनीं.

मग वादळानंतर लगेच काय झालें? शिव्याशाप देणें त्यानें त्याच दिवसांपासून सोडिलें. तो शास्त्राचें वाचन करूं लागला. आणि १७४८ सालींच 'ब्राऊनलो' नामक गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी होऊन तो पुन्हां आफ्रिकेस गेला. १७५० सालीं मेरीशीं त्याचा विवाह झाला व त्याच वर्षीं तो 'ड्यूक ऑफ अर्गाइल' या जहाजाचा कप्तान झाला. पुढें 'आफ्रिकन' नांवाच्या जहाजावरून त्यानें आणखी दोन सफरी केल्या. इंग्लंडांतून माल न्यावा, आफ्रिकेंत तो देऊन माणसें घ्यावींत, तीं वेस्ट इंडिजच्या बेटांत विकावींत आणि तेथील माल घेऊन घरीं यावें, असा हा त्रिकोणी व्यापार होता.

त्या सफरींचें चित्र मनास चटका लावणारें आहे. रविवारीं डेकवर कप्तान खलाशांस जमवून प्रार्थना चालवी. एकांतांत तो लॅटिनचा अभ्यास करी. पत्नीला तो अत्यंत कोमल पत्रें लिही. आणि त्याच डेकच्या खालीं शेंकडों स्त्रीपुरुष अंधारांत, बेड्यांत, एकमेकांस चिकटून पडलेले असत. त्याच्या रोजनिशींत मेलेल्या गुलामांची नोंद नांवानें नाहीं, आंकड्यानें आहे. एकदां बंडाचा संशय आला तेव्हां कबुलीजबाबासाठीं त्यानें मुलांनासुद्धां अंगठे चिरडणारा चाप लाविला, हेंही त्यानेंच लिहिलेलें आहे.

प्लँटेन बेटावरचे ते सांखळदंडांतले अन्नदाते आतां वाचकांनीं आठवावे. त्यांच्याच भाऊबंदांना हा मनुष्य आतां विकत होता. तो ढोंगी होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. त्याची प्रार्थना खरी होती, पत्नीवरील प्रेम खरें होतें, उपकाराची आठवणही खरी होती. पण मनुष्याच्या मनांत समजुती दोन प्रकारच्या असतात. कांहीं तो तोंडानें बोलून दाखवितो. कांहीं न बोलतां, न तपासतां, चालीरीतींबरोबर उचलतो. न्यूटनच्या पहिल्या प्रकारच्या समजुती वादळानें एका रात्रींत बदलल्या. दुसऱ्या प्रकारच्या समजुतींपर्यंत तें पाणी पोंचलेंच नाहीं.

त्याचीं कारणेंही उघड दिसतात. पहिलें, समाजाची मान्यता. त्या काळीं हा व्यापार कायदेशीर होता; लिव्हरपूलचे प्रतिष्ठित सावकार त्यांत पैसा घालीत व रविवारीं देवळांत पुढच्या बांकावर बसत. हा धंदा पाप आहे असें न्यूटनला त्या काळांत कोणीं सांगितलें नाहीं, आणि त्यानेंही कोणाला विचारलें नाहीं. दुसरें, संवय. जें दुःख रोज डोळ्यांपुढें असतें, तें कांहीं दिवसांनीं दिसेनासें होतें. या धंद्यानें खलाशांचीं मनें दगड होतात, असें पुढें त्यानेंच नमूद केलें. तिसरें, भीति. मूठभर खलाशी आणि शेंकडों कैदी, असा प्रकार असल्यामुळें बंडाचें भय अहोरात्र असे. ज्याचें भय वाटतें त्याच्याकडे आपण शत्रु म्हणून पाहतों, आणि शत्रूचें दुःख आपणांस दुःख वाटत नाहीं. चौथें, स्वार्थ. संसार नुकताच थाटलेला. त्याचा खर्च याच मिळकतींतून चाले. हीं चार कारणें मिळून जी वृत्ति बनली, तिच्यापुढें उपकाराची एक आठवण दुबळी ठरली. आपण तुरुंगाच्या नाईकासारखें काम करीत आहों, असें मात्र त्याला मधून मधून वाटे, आणि अधिक माणुसकीचा धंदा मिळावा म्हणून तो प्रार्थना करी. मनांत कोठें तरी सल होता. पण त्या सलाला अजून वाचा फुटली नव्हती.

१७५४ सालीं, पुढच्या सफरीस निघण्याच्या सुमारास, न्यूटनला एकाएकीं झटका येऊन तो बेशुद्ध पडला आणि वैद्यांच्या सल्ल्यानें त्याला समुद्र सोडावा लागला. म्हणजे धंदा सुटला तोही विचारानें नव्हे, दुखण्यानें सुटला. परंतु त्या दुखण्यानें एक मोठें काम केलें. पुढच्याच वर्षीं त्याला लिव्हरपूल येथें जकात खात्यांत नोकरी मिळाली आणि रोजचा बेड्यांचा आवाज त्याच्या कानांआड झाला. तेथें तो ग्रीक व हिब्रू भाषा शिकला. १७६४ सालीं त्याचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें आणि त्याच वर्षीं धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन तो बकिंगहॅम परगण्यांतील ओल्नी या गांवीं गेला. आईची आशा तिच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनीं फळास आली.

ओल्नी हें लेस विणणाऱ्या गरीब कारागिरांचें गांव होतें. तेथें न्यूटन सुमारें सोळा वर्षें राहिला. गरिबांच्या झोंपड्यांत जाऊन बसावें, त्यांचीं दुखणींखुपणीं ऐकावींत, त्यांच्यासाठीं सोपीं गीतें रचावींत, असा त्याचा क्रम असे. प्रसिद्ध कवि विल्यम कूपर हा तेथें त्याचा शेजारी व जिवलग स्नेही होता. कूपरला वेड लागल्यासारखे निराशेचे झटके येत. १७७३ सालीं तो असा खचला असतां न्यूटननें त्याला आपल्या घरीं आणून वर्षाहून अधिक काळ सांभाळिलें. या दोघांच्या गीतांचा संग्रह १७७९ सालीं निघाला; त्यांत ३४८ गीतें असून बहुतेक न्यूटनचीं आहेत. ज्या मनावर समुद्रानें कठीण कवच चढविलें होतें, तें या रोजच्या सहवासानें हळूहळू मऊ झालें असावें, असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याचें दुःख आंकड्यानें मोजावयाचें नसतें, तें त्याच्याजवळ बसून ऐकावयाचें असतें, हा धडा त्याला ओल्नीनें दिला.

१७८० सालीं न्यूटन लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ मंदिराचा उपाध्याय झाला. १७८५ सालच्या डिसेंबरांत विल्यम विल्बरफोर्स हा सव्वीस वर्षांचा पार्लमेंटचा सभासद गुपचूप त्याच्या भेटीस आला. धर्मजागृति झाल्यामुळें राजकारण सोडून द्यावें कीं काय, अशा विवंचनेंत तो होता. न्यूटननें त्याला आहे त्याच जागीं राहून देवाची व देशाची सेवा करावयास सांगितलें. पुढें १७८७ सालीं लंडनमध्यें गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं मंडळ स्थापन झालें, आणि विल्बरफोर्स पार्लमेंटांत त्या पक्षाचा पुढारी झाला. साक्षीदार हवे होते. ज्यांनीं या धंद्यांत पैसा मिळविला ते गप्प होते; ज्यांनीं तो सोसला त्यांना बहुधा कोणी विचारीत नव्हतें.

अशा वेळीं १७८८ सालीं बासष्ट वर्षांच्या या सन्मान्य धर्मोपदेशकानें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. कवाडें बंद करून लपवितां आलें असतें तें सर्व त्यानें उघड केलें. जहाजाच्या तळांत माणसें फळीवर पुस्तकें रचावींत तशीं कशीं रचतात, त्यांना बेड्यांमुळें कूस बदलतां येत नाहीं, रोगानें व दुर्गंधीनें किती मरतात, स्त्रियांची विटंबना कशी होते, हें त्यानें सांगितलें. आणि आपण या कामांत स्वतः भागीदार होतों, ही लाज मरेपर्यंत आपल्याबरोबर राहील, हेंही कबूल केलें. आपली कबुली फार उशीरा येत आहे, हें त्यानें लपविलें नाहीं. त्यानंतर राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें व पार्लमेंटच्या कमिटीपुढें त्यानें प्रत्यक्ष साक्ष दिली. ऐकीव बातम्या नाकारणें विरोधकांस सोपें होतें. जुन्या कप्तानाचें बोलणें नाकारणें सोपें नव्हतें.

१७९१ सालीं विल्बरफोर्सचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनीं पडला. पुढें तो वारंवार मांडला गेला व वारंवार पडला. १७९० सालीं मेरी वारली होती. न्यूटनची दृष्टि व श्रवणशक्ति मंदावत चालली, तरी त्यानें उपदेश सोडला नाहीं. अखेर १८०७ सालच्या फेब्रुवारींत कॉमन्स सभेनें २८३ विरुद्ध १६ मतांनीं बिल मान्य केलें आणि २५ मार्च रोजीं राजाची संमति मिळून ब्रिटिश साम्राज्यांत गुलामांचा व्यापार बेकायदेशीर ठरला. गुलामगिरीची पद्धति बंद करणारा कायदा तर पुढें १८३३ सालीं झाला. पण तिचा पहिला खांब पडलेला न्यूटनला जिवंतपणीं कळला. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबर रोजीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, तो मरण पावला. आपल्या थडग्यावरील लेख त्यानें स्वतःच लिहून ठेविला होता. त्यांत आपण एके काळीं नास्तिक होतों व आफ्रिकेंत गुलामांचेही चाकर होतों, हें सांगावयास तो विसरला नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, या चरित्रांतून काय घ्यावयाचें? प्रबळ भावना मनुष्याला एका क्षणांत हालवूं शकते. पण ती ओसरल्यावर जुनी वृत्ति पुन्हां आपल्या जागीं येऊन बसते. नवीन श्रद्धा प्रथम जीभ सुधारते, कारण तें सोपें असतें. व्यवहार, कमाई, आणि कोणाला आपल्या बरोबरीचें मानावयाचें, या ठिकाणीं ती सर्वांत शेवटीं पोंचते. तेथें तिला आपण हात धरून न्यावें लागतें. न्यूटनला त्यासाठीं गरिबांचा शेजार, दुःखी मित्राची शुश्रूषा, आणि निर्भय तरुणांची सोबत लागली. तीं मिळाल्यावर तो बदलला. मात्र मधल्या वर्षांत ज्यांना त्यानें विकलें, त्यांच्या आयुष्याची भरपाई त्याच्या अश्रूंनीं झाली नाहीं. उशीराचा किंमत दुसऱ्यांनीं मोजली, हें त्याच्या चरित्रांतील सर्वांत कठीण सत्य आहे.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांस आपण प्रार्थना, श्लोक व सुवचनें शिकवितों, तें उत्तमच आहे; तें बीज वाया जात नाहीं, हें एलिझाबेथ न्यूटनच्या उदाहरणावरून दिसतेंच. परंतु घरांत ज्या गोष्टीविषयीं कोणी कांहीं बोलत नाहीं, ती मुलें अधिक पक्की शिकतात. कामास येणाऱ्या बाईचा चहाचा पेला निराळा कां ठेविला आहे, अमक्या मुलाला घरीं बोलावूं नको असें हळूच कां सांगितलें जातें, म्हाताऱ्या हमालाशीं घासाघीस करतांना आवाज कां चढतो, हे प्रश्न मुलानें विचारले, तर त्याला दटावूं नये. त्याच्याबरोबर बसून त्यांचें खरें उत्तर शोधावें. न्यूटनला विसाव्या वर्षीं असा प्रश्न विचारणारा कोणी भेटला असता, तर चाळीस वर्षांची ती वाट कदाचित् पुष्कळ आंखूड झाली असती.